पाइप टाकण्याआधीचा पैसा

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्राकाठी ऑरेंज काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथल्या फाउंटन व्हॅली या शहरात सांडपाणी पिण्यायोग्य करून जमिनीत मुरवणारे जगातले सर्वांत मोठे केंद्र आहे. जानेवारी २००८ मध्ये ते सुरू झाले तेव्हा रोज साडेसव्वीस कोटी लिटर पाणी तयार होई. २०१५ आणि २०२३ मधल्या विस्तारांनंतर त्याची क्षमता रोज ४९ कोटी लिटरवर गेली. हे पाणी थेट नळाला जोडलेले नाही. ते जमिनीत मुरते, खालच्या पाण्यात मिसळते आणि मग विहिरींतून वर येते. पाहायला येणाऱ्यांना टाक्या, नळ्या, अतिनील दिवे दाखवतात आणि ज्यांची तयारी असेल त्यांना पेलाभर पाणी प्यायलाही देतात.

या सहलीत एक गोष्ट दिसत नाही. पहिल्या टप्प्याचे ४८ कोटी १० लाख डॉलर खर्च करण्याआधी कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. पाणी कुठून घ्यायचे, किती शुद्ध करायचे, कुठे मुरवायचे, ते जमिनीखाली कुठल्या दिशेला जाईल, बिल कोण भरेल, हे सगळे आधी ठरवावे लागते. त्यालाही पैसा लागतो, आणि गंमत अशी की हाच पैसा उभा करणे सगळ्यात जड जाते. बांधकामाला कर्ज मिळते आणि उद्घाटनाला कोनशिला बसते, पण अहवालाला कोनशिला कोण बसवणार? त्यातून अहवालाने ‘हे जमणार नाही’ असा निष्कर्ष काढला, तर पैसे पाण्यात गेले म्हणायला सगळे मोकळे. या अडचणीवर कॅलिफोर्निया राज्याने एक तोडगा काढला आहे. पुनर्वापर आणि पुनर्भरण यांच्या नुसत्या नियोजनासाठी तिथे सरकारी अनुदान मिळते. ते कसे चालते हे नीट पाहिले, तर पाण्याच्या प्रकल्पात नेमके काय काय बिघडू शकते याची यादीच हाती लागते.

याची गरज कुणाला पडते? सांताक्रूझ शहराच्या (मुंबईच्या उपनगराशी याचा संबंध नावापुरता) शेजारी सोकेल क्रीक वॉटर डिस्ट्रिक्ट नावाची एक छोटी पाणीसंस्था आहे. सुमारे चाळीस हजार लोकांना ती पाणी पुरवते. तिच्याकडे धरण नाही आणि बाहेरून येणारा कालवाही नाही. सगळे पाणी विहिरींचे. वर्षानुवर्षे पावसाने भरून निघण्यापेक्षा जास्त उपसा झाला, जमिनीतल्या गोड्या पाण्याचा दाब कमी झाला आणि समुद्राचे पाणी आत सरकू लागले. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होणे म्हणजे काय, हे कोकणात वेगळे सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियाने अतिउपशामुळे गंभीर ठरवलेली २१ भूजल खोरी आहेत, त्यांत हे एक. संस्थेने आधी शहराबरोबर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता, तो लोकांच्या विरोधामुळे २०१३ मध्ये थंडावला. इकडे सांताक्रूझचे सांडपाणी केंद्र रोज प्रक्रिया केलेले पाणी मॉन्टेरे उपसागरात सोडतच होते. तेच पाणी शुद्ध करून किनाऱ्याजवळ जमिनीत सोडले तर खाऱ्या पाण्याला मागे रेटता येईल का? प्रश्न सुचायला पैसे पडत नाहीत. उत्तर शोधायला मात्र भूशास्त्रज्ञ, अभियंते, वकील आणि हिशेबनीस लागतात, आणि चाळीस हजार लोकांच्या पाणीपट्टीतून हे सगळे भागवणे कठीण जाते.

राज्याकडे हा पैसा येतो तोच मतदानातून. कॅलिफोर्नियात सरकारला मोठ्या रकमेचे कर्जरोखे काढायचे असतील तर प्रस्ताव निवडणुकीत लोकांपुढे ठेवावा लागतो. मार्च २००० मध्ये प्रस्ताव १३ आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रस्ताव १ हे पाण्याच्या रोख्यांचे प्रस्ताव मंजूर झाले. २०१४ चे साल दुष्काळाचे होते, तेव्हा लोकांनी पाण्यासाठी ७५४ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे काढायला होकार दिला. त्यातले ६२ कोटी ५० लाख डॉलर पुनर्वापराच्या कामांसाठी राज्य जलसंसाधन नियंत्रण मंडळाकडे गेले. ९० कोटी भूजलासाठी वेगळे काढले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवामानाच्या नावाने आणखी १,००० कोटींचे रोखे मंजूर झाले, त्यातही पाण्याच्या पुनर्वापराला वाटा आहे. अनुदान घेणाऱ्या गावाला ते परत करावे लागत नाही हे खरे, पण राज्य ते पुढची कित्येक वर्षे व्याजासकट फेडत राहते. पैसा लोकांनी मत देऊन उभारलेला असतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक डॉलरला अट चिकटलेली असते.

नियोजन अनुदानाची सगळ्यात ठळक अट अशी, की पात्र खर्चाच्या निम्मी रक्कम राज्य देते आणि निम्मी संस्थेने घालायची. वर कमाल मर्यादा. बरीच वर्षे ही मर्यादा अवघी ७५,००० डॉलर होती, पुढे ती वाढवण्यात आली. एवढ्या रकमेत काय होते असे वाटेल, पण दोन्ही हिस्से मिळून होणाऱ्या दीड लाख डॉलरमध्ये प्राथमिक व्यवहार्यतेचा अभ्यास उभा राहतो आणि पुढे जायचे की नाही ते कळते. निम्म्या हिश्श्यामागचा विचार उघड आहे. फुकट मिळणारा अहवाल कुणीही मागवेल, गरज असो वा नसो. स्वतःच्या तिजोरीतून अर्धे घालायचे म्हटले की संचालक मंडळावरचे लोक सल्लागाराला प्रश्न विचारू लागतात.

दुसरी अट मात्र मला खटकते. पैसा आगाऊ मिळत नाही. आधी खर्च करायचा, मग बिले लावायची, मग राज्याचे जलमंडळ ती तपासून रक्कम परत करते. अर्जाआधी झालेला खर्च सहसा धरतच नाहीत. ऑरेंज काउंटीसारख्या १९३३ पासून चाललेल्या, गडगंज संस्थेला त्याचे काही नाही. जिच्या विहिरी मचूळ होत आहेत आणि जिच्याकडे हिशेबाला एकच माणूस आहे, अशा छोट्या संस्थेला मात्र महिनोन्‌महिने स्वतःचे पैसे अडकवून ठेवावे लागतात. गरिबांच्या वस्त्यांना हिश्श्यात सवलत देण्याची सोय नंतरच्या भूजल योजनांमध्ये आली. तरी ‘आधी खर्च, मग परतावा’ ही मूळ चाल तीच राहिली.

अर्ज करायचा तर पहिली पायरी म्हणजे संस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव. सही कोण करणार आणि हिस्सा कुठून घालणार, हे त्यात लिहिलेले असते. अर्ज फक्त सार्वजनिक संस्थांना करता येतो, म्हणजे नगरपालिका, पाणीसंस्था, मैलाव्यवस्थापन संस्था अशांना. अर्जासोबत अभ्यासाचा आराखडा जोडावा लागतो. आपण काय काय तपासणार, कोणत्या क्रमाने, किती दिवसांत आणि प्रत्येक कामाला किती खर्च, हे सगळे त्यात असते. जलमंडळाचे अभियंते तो वाचतात, दुरुस्त्या सुचवतात, मग करार होतो. आपल्याकडे ज्याला डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) म्हणतात त्याच्याही अलीकडची ही पायरी. डीपीआरमध्ये प्रकल्प होणार हे धरलेले असते, इथे तेच अजून ठरायचे असते. लग्न ठरण्याआधी स्थळाची चौकशी करतात, तसाच हा प्रकार. पर्यावरण कायद्यानेही याची दखल घेतली आहे: नुसत्या व्यवहार्यतेच्या अभ्यासाला कॅलिफोर्नियात पर्यावरण परिणामांच्या मोठ्या अहवालातून सूट आहे, कारण कागदाने नदी अडत नाही.

अभ्यासात कोणती प्रकरणे हवीत हे मंडळाने ठरवून दिले आहे. भूभागाचे वर्णन, सध्याचा पाणीपुरवठा, सध्याचे सांडपाणी, प्रक्रियेच्या कायदेशीर गरजा, गिऱ्हाईक, पर्याय, निवडलेली योजना, आणि शेवटी पैसा. यातल्या ‘गिऱ्हाईक’ या प्रकरणावर मंडळाचा विशेष डोळा असतो. शुद्ध केलेले पाणी घेणार कोण? गोल्फ मैदान, कारखाना, शेतकरी? ते घेणार हे लेखी आहे का, की अंदाजाने लिहिले आहे? सांडपाणी शुद्ध करून ठेवले आणि ते कुणी घेतलेच नाही, म्हणून फसलेल्या योजना जगभर पडून आहेत. नागपुरात भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना चालली, याचे एक मोठे कारण गिऱ्हाईक पहिल्यापासून ठरलेले होते. वीजकेंद्राला थंड करायला पाणी हवेच होते आणि ते महापालिकेबरोबर कराराने बांधले गेले.

पुनर्भरणाच्या योजनेत हा प्रश्न वेगळे वळण घेतो, कारण इथे गिऱ्हाईक म्हणजे जमिनीखालचा जलधर, पाणी साठवणारा थर. तो तक्रार करत नाही आणि करारही करत नाही. मग मुरवलेल्या पाण्याचा फायदा कुणाला, आणि ते उपसायचा हक्क कुणाला? कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये भूजलाच्या शाश्वत व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याने खोऱ्याखोऱ्यांत स्थानिक भूजल संस्था उभ्या केल्या आणि गंभीर खोऱ्यांना २०४० पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायला सांगितले. त्यामुळे किती पाणी मुरले आणि किती उपसले याचा हिशेब ठेवणारा कुणीतरी आता तिथे आहे. त्याआधी बहुतेक खोऱ्यांत ज्याची मोटर मोठी त्याचे पाणी, असाच कारभार होता.

मालकीचा घोळ मुरवण्याच्याही आधी सुरू होतो. सांडपाणी कुणाचे? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर हक्क सांडपाणी केंद्राच्या मालकाचा आहे. पण ते पाणी आजवर नदीत सोडले जात असेल आणि आता थांबवायचे असेल, तर आधी जलमंडळाची मंजुरी लागते, कारण खाली कुणीतरी त्याच पाण्यावर अवलंबून असते, निदान मासे तरी. मॉन्टेरेमध्ये हा गुंता फार बोलका आहे. तिथल्या कॅस्ट्रोव्हिल भागातले शेतकरी १९९८ पासून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भाजीपाला पिकवतात, कारण त्यांच्याही विहिरींत समुद्र शिरला होता. उन्हाळ्यात त्यांना ते पाणी हवेच असते. मग शहराला पिण्यासाठी पुनर्भरण करायचे तर पाणी आणायचे कुठून? नियोजनात उत्तर असे निघाले की नुसत्या घरगुती सांडपाण्यावर विसंबायचे नाही. सलिनासच्या कारखान्यांत भाज्या धुतलेले पाणी, पावसाचे वाहून जाणारे पाणी, शेतातल्या चरांचे पाणी हेही गोळा करायचे. हिवाळ्यात शेतीला पाणी नको असते तेव्हा ते जास्त मुरवायचे. २०२० मध्ये सीसाइडच्या जलधरात हे शुद्ध पाणी जाऊ लागले. वर्षाला ३,५०० एकर-फूट हे तिथले उद्दिष्ट होते. एक एकरावर एक फूट पाणी उभे केले तर ते सव्वाबारा लाख लिटरच्या आसपास भरते, म्हणजे उद्दिष्ट झाले वर्षाला सुमारे ४३० कोटी लिटर. हे पाणी यंत्राने निर्माण केलेले नाही, करारांनी गोळा केलेले आहे, आणि करारांची बोलणी नियोजनाच्या काळातच होतात.

आता जमिनीखाली उतरू. अभ्यासाचा खरा खर्च इथेच होतो, आणि तो इथेच व्हावा.

पाणी मुरवायचे दोन मार्ग. पहिला मार्ग पाझर तलावांचा: वाळूच्या, खडीच्या जमिनीवर मोठी तळी करायची आणि पाणी आपसूक खाली जाऊ द्यायचे. लॉस एंजेलिस काउंटीतल्या मॉन्टेबेलो भागात १९६२ पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी असे मुरवले जाते. जमिनीतून जाताना माती आणि तिथले सूक्ष्मजीव पाणी आणखी साफ करतात, हा या मार्गाचा मोठा फायदा. पण त्याला खूप मोकळी जागा लागते, आणि खाली चिकणमातीचा थर असेल तर पाणी वरच्या वर बसून राहते. दुसरा मार्ग विहिरीने थेट खाली सोडण्याचा. ऑरेंज काउंटी दोन्ही करते. काही पाणी किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या रांगेतून सोडते, म्हणजे समुद्राला आडवी पाण्याची भिंत उभी राहते. बाकीचे वीसेक किलोमीटर दूर अनाहाइमच्या तळ्यांत नेते. सोकेल क्रीकने विहिरींचा मार्ग घेतला. विहीर जागा कमी खाते, पण नखरे फार: पाण्यात थोडासा गाळ किंवा जिवाणू असले तरी तळाची जाळी बुजते आणि मग ती उलटी उपसून साफ करत बसावे लागते.

सोडलेले पाणी पिण्याच्या विहिरीपर्यंत किती दिवसांत पोचते, हा जमिनीखालचा मुख्य प्रश्न. कॅलिफोर्नियाने जून २०१४ मध्ये पुनर्भरणाचे नियम पक्के केले. त्यांत सांडपाण्यापासून पिण्याच्या विहिरीपर्यंतच्या सगळ्या प्रवासात विषाणू एक लाख कोटींत एक उरेल इतके कमी झाले पाहिजेत, आणि पोट बिघडवणारे जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम हे दोन परजीवी एक हजार कोटींत एक. यात जमिनीखालच्या वास्तव्याचेही श्रेय मिळते. पाणी एक महिना खाली राहिले की विषाणू दहापट कमी झाले असे धरतात. ते खरोखर महिनाभर राहते हे सिद्ध कसे करायचे? पाण्यात खूणद्रव्य सोडायचे आणि ते पुढच्या विहिरीत केव्हा उगवते ते पाहायचे. हे केले तर पूर्ण श्रेय. नुसते संगणकाचे प्रारूप दाखवले तर महिन्याला अर्धेच. नियोजनाच्या वेळी प्रकल्प अजून उभा नसतो, खूणद्रव्य सोडायला पाणीच नसते, म्हणून प्रारूपावरच भागवावे लागते आणि सोडायच्या विहिरी पिण्याच्या विहिरींपासून दुप्पट काळाच्या अंतरावर धराव्या लागतात. शिवाय काही बिघडले तर लक्षात येऊन उपाय करायला किमान दोन महिने हाती हवेत, ही वेगळी अट. नकाशावर हे अंतर आखले की कधी त्याच्या आत कुणाची तरी खासगी बोअर निघते. मग ती बंद करायची, की आपली विहीर सरकवायची? याचे उत्तर खोदाई सुरू झाल्यावर शोधणारा माणूस नोकरी गमावतो.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पाणी जास्त शुद्ध असणे हाही प्रश्न असतो. सूक्ष्म गाळणी, मग उच्च दाबाखाली पडद्यातून पाणी पार करणे, मग अतिनील प्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, अशा तीन पायऱ्यांतून आलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत. असे भुकेलेले पाणी पाइप खाते आणि जमिनीखाली मातीला धरून बसलेले आर्सेनिकही सोडवते. ऑरेंज काउंटीतल्या जलधरात संशोधकांनी हे दाखवून दिले आहे. म्हणून शेवटी त्यात पुन्हा चुना मिसळतात. आपल्या भागातल्या मातीचे नमुने आणि तिच्यातली खनिजे नियोजनातच तपासली, तर चुन्याचे प्रमाण आधी ठरते. नाही तपासली, तर विहिरीच्या पाण्याचा निकाल आल्यावर ठरते.

तिसरी पायरी, पेरॉक्साइडची, नियमाच्या आधी अनुभवातून आली. ऑरेंज काउंटीत १९७०च्या दशकापासून ‘वॉटर फॅक्टरी २१’ नावाचे जुने केंद्र चालत होते. २००० च्या सुमाराला तिथल्या विहिरींत एनडीएमए नावाचे घातक रसायन सापडले, पाठोपाठ १,४-डायऑक्सेन. दोन्हींचे रेणू इतके लहान की पडदा त्यांना पूर्ण अडवू शकत नाही. तेव्हापासून ती पायरी सगळ्यांच्या आराखड्यात आली.

पडद्याची दुसरी अडचण म्हणजे मागे उरणारे पाणी. शंभर लिटर आत गेले की सुमारे पंच्याऐंशी शुद्ध होऊन निघतात, उरलेल्या पंधरांत सगळा क्षार आणि घाण साचलेली असते. समुद्रकाठच्या गावाकडे ते सोडायला जुनी समुद्रवाहिनी असते, आतल्या गावाकडे काही नसते. कित्येक अभ्यास या एका मुद्द्यावर येऊन थांबतात, आणि तिथेच त्या अनुदानाचे पैसे वसूल झालेले असतात.

समुद्रवाहिनीवरून ऑरेंज काउंटीचा आणखी एक हिशेब सांगितला पाहिजे. तिथे पाणी पुरवणारी संस्था एक आणि मैला वाहून नेणारी संस्था दुसरी. मैल्याच्या संस्थेला पावसाळी पूर वाहून न्यायला दुसरी समुद्रवाहिनी बांधावी लागेल अशी वेळ आली होती, अंदाजे खर्च २० कोटी डॉलर. पाण्याच्या संस्थेला पाणी हवे होते. दोघांनी एकत्र बसून हिशेब मांडला तेव्हा कळले की मैल्याचे पाणी पुनर्भरणाला वळवले तर ती वाहिनी बांधायचीच नाही. मग मैल्याच्या संस्थेने प्रकल्पात मोठा वाटा उचलला. दोन खात्यांच्या दोन फायलींत हा फायदा कधीच दिसला नसता. नियोजनाचा अभ्यास दोन्ही बाजूंचे आकडे एका पानावर मांडायला लावतो, आणि माझ्या मते अनुदानाचे हेच सगळ्यात मोठे काम.

यंत्राने न सुटणारा भाग लोकांचा. १९९० च्या दशकात सॅन गॅब्रिएल खोऱ्यातल्या पुनर्भरणाला विरोध करताना ‘शौचालयातून नळात’ अशी घोषणा झाली आणि ती चिकटली. लॉस एंजेलिस शहराने सॅन फर्नांडो खोऱ्यात मुरवण्यासाठी साडेपाच कोटी डॉलर खर्चून वाहिन्या बांधल्या, पण २००० मध्ये तीच घोषणा महापौरपदाच्या निवडणुकीच्या वाऱ्यात सापडली आणि योजना गुंडाळावी लागली. जमिनीखाली काही चुकले नव्हते, पाणीही ठीक होते. लोकांशी बोलायला मात्र उशीर झाला होता. ऑरेंज काउंटीने हे पाहिले आणि केंद्र उघडण्याच्या कित्येक वर्षे आधी डॉक्टर, शाळा, उद्योजक, देवळे-चर्चे सगळीकडे जाऊन माहिती द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे मोठा विरोध झालाच नाही. नियोजनाच्या अंदाजपत्रकात लोकसंपर्काचा खर्च कापायला सगळ्यात सोपा असतो. तो कापू नये, हे लॉस एंजेलिसच्या साडेपाच कोटींनी शिकवले.

मग पर्याय. अहवालात निदान दोन-तीन वेगळ्या वाटा मांडाव्या लागतात, त्यांत पाण्याची बचत करण्याची वाट आणि काहीच न करण्याची वाट याही धराव्या लागतात. काहीच न करण्याचीही किंमत असते: विहिरी खाऱ्या होण्याची, बाहेरून पाणी विकत घेण्याची, दंडाची. ती आकड्यांत मांडली की बाकीच्या पर्यायांची किंमत उगाच मोठी वाटत नाही. सल्लागार कंपन्यांना इथे एक खोड असते, पहिल्या पानापासून आपला आवडता पर्याय जिंकवत नेण्याची. मंडळाचे अभियंते मसुदा वाचतात तेव्हा हेच पाहतात. मसुद्यावर शेरे येतात, दुरुस्त्या होतात, अंतिम अहवाल मान्य झाल्यावरच शेवटचे पैसे सुटतात. अहवालाचा निष्कर्ष ‘नको’ असा आला तरी अनुदान परत मागत नाहीत. अभ्यास प्रामाणिक आणि पूर्ण झाला का, एवढेच बघतात.

निष्कर्ष ‘हो’ आला तर पुढे बांधकामाच्या पैशाची शर्यत. प्रस्ताव १ खाली बांधकामाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल दीड कोटी डॉलर असे अनुदान होते. बाकी राज्याच्या फिरत्या निधीतून कमी व्याजाचे कर्ज. त्या दुष्काळात ते एक टक्क्याने दिले गेले. केंद्र सरकारचा १९९२ चा एक कायदाही आहे. त्याखाली ब्यूरो ऑफ रिक्लमेशन ही केंद्राची जलसंस्था अभ्यासाच्या निम्म्यापर्यंत आणि बांधकामाच्या सहसा पाव खर्चापर्यंत मदत देते. सोकेल क्रीकने आणखी एक वाट धरली. समुद्राचे पाणी जमिनीत शिरणे हे भूजलाचे प्रदूषणच आहे, म्हणून प्रदूषण रोखण्याच्या भूजल निधीतून त्यांनी अनुदान मागितले आणि पाच कोटी डॉलर मिळवले. सांडपाण्याचे पाणी शुद्ध करून वर्षाला सुमारे १,५०० एकर-फूट, म्हणजे १८५ कोटी लिटर, जमिनीत सोडायचा त्यांचा आराखडा. कोणत्या निधीच्या कोणत्या खणात आपला प्रकल्प बसतो हेही नियोजनातच हुडकावे लागते, आणि यात पटाईत असलेले सल्लागार कॅलिफोर्नियात चांगले कमावतात.

हा सगळा खेळ आता मोठ्या आकाराचा झाला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाला पाणी पुरवणाऱ्या मेट्रोपॉलिटन संस्थेने कार्सन शहरात रोज ५७ कोटी लिटर पाणी शुद्ध करून मुख्यतः जमिनीत मुरवायची योजना आखली आहे. त्याचे छोटे प्रात्यक्षिक केंद्र तिथे २०१९ पासून चालू आहे. २०२२ मध्ये राज्याने एवढ्या एका प्रकल्पाच्या नियोजनाला आणि आराखड्यांना आठ कोटी डॉलर दिले. त्याच्या आदल्या वर्षी नेवाडा आणि ॲरिझोना या शेजारी राज्यांतल्या पाणीसंस्थांनी त्याच्या पर्यावरण नियोजनात आपले पैसे घालायचे करार केले. लॉस एंजेलिसने आपले सांडपाणी वापरले तर ते कोलोरॅडो नदीतून तेवढे कमी उचलेल, आणि वाचलेले नदीचे पाणी लास वेगास आणि फीनिक्सला मिळेल. पाइप अजून टाकलेले नसताना तीन राज्ये त्याच्या कागदावर पैसे लावून बसली आहेत.